नागपूर आराखड्यापासून समृद्धी महामार्गापर्यंत : रस्ता मोकळा करण्याचे शास्त्र

भारतीय रस्त्यांच्या इतिहासात नागपूरचे महत्त्व दुहेरी आहे. वाराणसी–कन्याकुमारी आणि हजीरा–कोलकाता हे पूर्वीचे ७ व ६ क्रमांकाचे राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांना छेदत, आणि देशातील रस्त्यांची पहिली दीर्घकालीन योजनाही याच शहरात आखली गेली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींमधून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची स्थापना झाली. त्यानंतर डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या राजधानीत एकत्र आले आणि त्यांनी जी वीस वर्षांची योजना तयार केली, ती ‘नागपूर आराखडा’ म्हणून ओळखली जाते.

या आराखड्याने राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत रस्त्यांची प्रतवारी ठरवली आणि दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे १६ किलोमीटर रस्ता हे उद्दिष्ट ठेवले, जे मुदतीपूर्वीच, १९६१ साली, गाठले गेले. रस्ते मुळातच अपुरे असलेल्या त्या काळात यशाचे माप लांबी हेच असणे स्वाभाविक होते. शिवाय हे रस्ते दोन्ही बाजूंनी खुले असल्यामुळे ट्रक उलटला तरी मागची वाहने कडेच्या कच्च्या पट्टीवरून किंवा जवळच्या गावातून वाट काढत आणि धाब्यावरची, शेतातली माणसे जखमींच्या मदतीला धावत. पोलीस येऊन जागेची मोजमापे घेत, टायरच्या खुणा व वाहनांची स्थिती पंचनाम्यात नोंदवत आणि मगच क्रेन लावली जाई. या क्रमात वेळ जाई, परंतु वाहतूक पूर्णपणे कोंडत नसे.

प्रवेश-नियंत्रित महामार्गाने, म्हणजे ज्यावर केवळ ठरावीक इंटरचेंजवरूनच चढता-उतरता येते अशा रस्त्याने, हे गणित बदलले. ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ या अमेरिकी प्रमाणग्रंथानुसार एका दिशेच्या तीन मार्गिकांपैकी एक अडली तर रस्त्याची वहनक्षमता एक-तृतीयांशाने नव्हे, तर जवळजवळ निम्म्याने घटते, आणि दोन अडल्या तर ती सुमारे १७ टक्केच उरते; कारण वाहने मार्गिका बदलताना एकमेकांना अडवतात आणि अपघात पाहण्यासाठी चालक वेग कमी करतात. रस्त्यावर क्षमतेच्या ८० टक्के वाहतूक असताना एक मार्गिका अर्धा तास बंद राहिली, तर वाहन हटवल्यावरही साचलेली रांग ओसरण्यास आणखी सुमारे पाऊण तास लागतो. तीच मार्गिका तासभर बंद राहिली, तर त्यापुढे दीड तास. म्हणजे क्रेन दहा मिनिटे आधी पोहोचली, तर कोंडी पंचवीस मिनिटे आधी सुटते.

नागपूरनजीकच्या शिवमडक्यापासून सुरू होणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या, अशाच प्रवेश-नियंत्रित समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर विरळ वाहतुकीच्या वेळी रांगेपेक्षा वेगाचा धोका मोठा असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते, त्यामुळे मार्गिकेत बंद पडलेला ट्रक जितका वेळ उभा राहील, तितकी दुसऱ्या अपघाताची शक्यता वाढते. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. गावापासून तुटलेल्या बंदिस्त रस्त्यावर पहिली मदत किती मिनिटांत पोहोचते, हा प्रश्न या घटनेने महाराष्ट्रापुढे अत्यंत वेदनादायक रीतीने उभा केला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान दिले आहे. आणि जो विलंब रांग लांबवतो, तोच हा तासही खाऊन टाकतो.

म्हणूनच माहिती मिळणे, पथक पोहोचणे, जखमींना हलवणे, पंचनामा, वाहन हटवणे आणि रांग ओसरणे या प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवून ती जाहीर करणे, हे रस्ते-नियोजनाचे अविभाज्य अंग मानले पाहिजे. दर १०० चौरस किलोमीटरमागे किती रस्ता हवा, हे १९४३ साली नागपुरात देशासाठी ठरले; अपघातानंतर किती मिनिटांत तो मोकळा व्हावा, याचेही तितकेच स्पष्ट आणि बंधनकारक माप आता ठरण्याची नितांत गरज आहे.