वस्तऱ्याची मूठ

वस्तरा म्हटला की सगळ्यांना आठवते ती त्याची धार. पाते कुठले, पोलाद कसले, पाणी कसे दिले आहे यावर माणसे तासन् तास बोलतील. मुठीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

गंमत अशी की वस्तऱ्याची मूठ ही चाकूच्या मुठीसारखी मूठ नव्हेच. दाढी करताना बोटे असतात पात्याच्या मागच्या अरुंद दांडीवर. मूठ तर वर वळवून ठेवलेली असते. तिची खरी कामे दोन. वस्तरा उघडा असताना हाताला तोल द्यायचा आणि मिटला की धार पोटात घेऊन सांभाळायची. म्हणजे ती निम्मी मूठ आणि निम्मे म्यान.

रचना अगदी साधी. दोन पातळ पट्ट्या, एका टोकाला पाते फिरवणारी खीळ, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये बसवलेली छोटी पाचर. साधी दिसते, पण सगळी मेख त्या पाचरीतच आहे. ती जराशी तिरकी झाली की पाते मध्यभागी न मिटता एका पट्टीवर घासते आणि लावलेली धार जाते. जुन्या इंग्रजी वस्तऱ्यांत ही पाचर पुष्कळदा शिशाची असे. शिसे मऊ, त्यामुळे नीट दबून बसते, आणि मागच्या टोकाला थोडे वजनही देते.

हे वस्तरे ज्या गावाने जगभर पोचवले ते इंग्लंडमधले शेफील्ड. तिथल्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांची कंपनी १६२४ साली कायद्याने स्थापन झाली. प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर स्वतःची खूण उमटवायची आणि कंपनीने तिची नोंद ठेवायची, अशी पद्धत होती. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि पाती आणखी चांगली झाली. कामाची वाटणी पक्की होती. घडणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. खूण मात्र उमटे पात्याच्या दांडीवर, आणि तीही मालकाची. मुठीवर तिच्या कारागिराचे नाव सहसा नसेच.

पण मूठ दुसरेच काही सांगते. ती कशाची आहे ते पाहिले की त्या काळचे जग कळते. साध्या वस्तऱ्याला हाड किंवा शिंग, भारी वस्तऱ्याला हस्तिदंत किंवा कासवाची पाठ. शिंग गरम केले की मऊ होते, आणि साच्यात दाबले की हवा तो आकार, वर नक्षीसुद्धा घेते. शेफील्डला म्हशीची शिंगे आणि सांबरशिंगे आपल्या हिंदुस्थानातून जात. शिंग ऊब देऊन वाकवण्याची ही विद्या आपल्याकडेही होती. कोकणात विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या वस्तू करणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात नावाजलेले होते. पण शेफील्डला आपल्याकडून जाई तो कच्चा माल. दाम वाढे ते तिथे.

हस्तिदंताची मागणी इतकी वाढली की तो महाग झाला. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइड बनवले आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. मूळ द्रव्य नायट्रोसेल्युलोज आणि जोडीला आपला देवघरातला कापूर! हस्तिदंताच्या रेषा, कासवाच्या पाठीचे ठिपके, सगळ्याची हुबेहूब नक्कल त्यात होऊ लागली. गरिबाच्या हातातही हस्तिदंती दिसणारा वस्तरा आला, आणि त्या मुठीपुरता तरी हत्ती वाचला.

पण या नव्या मुठीत एक खोड निघाली. सेल्युलॉइड वर्षानुवर्षांनी कुजते आणि त्यातून आम्ल वाफा निघतात. वस्तरा मिटून ठेवला की त्या वाफा पात्याला लागतात आणि पाते गंजते. जिने धार सांभाळायची, तीच धार खाते.

तोवर वस्तऱ्याचेच दिवस भरत आले होते. जिलेटच्या सेफ्टी रेझरचे १९०३ साली अवघे ५१ नग खपले. पुढच्याच वर्षी आकडा ९०,००० च्या आसपास गेला. आज आपल्या सलूनमध्येही वस्तऱ्याचा आकार तेवढा उरला आहे, पाते मात्र दर गिऱ्हाइकाला नवे, मोडून लावलेले. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. धोकटीतला सहाणेवर घासलेला वस्तरा गेला.

अलीकडे काही हौशी मंडळी जुनी पाती मिळवून त्यांना स्वतःच्या हाताने मुठी करतात. शिसवी किंवा शिंगाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून एकदमच कापतात, म्हणजे जोडी जुळते. मग कानस, पॉलिश पेपर, आणि शेवटी पितळी तारेची खीळ, जिचे डोके हलक्या हातोडीने टिचक्या मारत मारत पसरवायचे. एक ठोका जोरात पडला की पट्टी तडकते आणि आठवड्याची मेहनत वाया.

इथे प्रश्न उभा राहतो. जुनी मूठ काढून टाकावी का? ती काढली तर एका अनामिक माणसाचे काम पुसले जाते; कुजते सेल्युलॉइड ठेवले तर पाते जाते. माझे मत असे. शिंग, हाड, हस्तिदंत धड असेल तर हात लावू नये. साफ करावे आणि जपावे. पाते खाणारी मूठ मात्र काढावीच. वस्तू जगली तरच तिचा इतिहास जगतो.

मात्र नवी मूठ करणाऱ्यांना एक विनंती. खीळ ठोकण्याआधी पट्टीच्या आतल्या बाजूला आपले नाव आणि साल कोरून ठेवा. वापरताना ते कोणाच्या नजरेस पडणार नाही. पण पन्नास-शंभर वर्षांनी ती मूठ कोणी उघडलीच, तर शेफील्डच्या त्या कारागिराच्या वाट्याला जे आले नाही ते तुमच्या वाट्याला येईल. हे कोणी केले, हे त्याला कळेल.