जुनी नंबर एक

बाबांची येझदी रोडकिंग सहा महिने पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. गॅरेजवाले काका म्हणतात, "पॉइंट काढून सीडीआय टाकू, एका किकमध्ये चालू होईल." बाबा म्हणतात, "मग ती येझदी कुठे राहिली?" मी मधल्यामध्ये. माझं पोट दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड दुरुस्त करण्यावर चालतं. 'चालतंय ना, मग हात लावू नका' आणि 'सगळं फेकून नव्याने लिहू' हे दोन्ही पक्ष मी रोज ऐकतो. म्हणून या भांडणाचा इतिहास शोधायला बसलो आणि पोचलो थेट लंडनच्या कोर्टात.

खटला १९९० चा. वादातली गाडी बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. हिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत बेंटलीचा अध्यक्ष वूल्फ बार्नाटो होता. (कंपनीचा मालकच रात्रभर गाडी हाणतोय, हे आमच्या ऑफिसात डोळ्यांसमोर आणून बघा.) कुणीतरी ही गाडी सुमारे १ कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग पाऊल मागे घेतलं. कारण काय, तर ही ती गाडीच नव्हे!

त्यात तथ्य होतं. शर्यतीची गाडी दर मोसमात उघडली जायची आणि जे मोडेल, झिजेल ते बदललं जायचं. पुढे तिच्यात साडेसहा लिटरऐवजी आठ लिटरचं इंजिन बसवलं. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी तिच्यासकट तिरक्या वळणाच्या वरच्या काठावरून बाहेर फेकला गेला आणि मेला. त्याच गाडीवर पाळीपाळीनं चालवणारा त्याचा जोडीदार म्हणजे सख्खा भाऊ जॅक. नंतर बार्नाटोनं उरलेल्या गाडीवर बंद टपाची बॉडी चढवून घेतली.

कोर्टात एकेका भागाची वंशावळ काढली गेली. १९२९ मधलं म्हणावं असं जवळपास काहीच उरलं नव्हतं. १९३० मधला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंग कॉलम असं थोडंफार सापडलं. चासी, ॲक्सल, इंजिन १९३२ च्या गाडीचे. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. कारखान्यातून निघाली त्या अर्थानं ही 'मूळ' नाही, पण अस्सल आहे. तिच्या आयुष्यात कुठे खंड पडलेला नाही आणि 'मी ओल्ड नंबर वन' म्हणणारी दुसरी गाडी जगात नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही पळवाट वाटली. मग आठवलं, आमच्या रिपॉझिटरीतल्या पहिल्या कमिटमधली एकही ओळ आज शिल्लक नाही, तरी प्रॉडक्ट तेच आहे असं आपण बिनदिक्कत म्हणतो. देवळाचा जीर्णोद्धार झाल्यावर देव बदलला असं कुणी म्हणत नाही.

फेरारीचं उदाहरण तर याहून गमतीचं. काउंट व्होल्पीनं फेरारी सोडून गेलेल्या इंजिनिअरांच्या नव्या कंपनीत पैसे घातले, म्हणून चिडलेल्या एन्झो फेरारींनी त्याला २५० जीटीओ विकायला नकार दिला. व्होल्पीनं मग २५० जीटी एसडब्ल्यूबी आणून बिझारिनीच्या हवाली केली. हा बिझारिनीही त्याच बंडखोरांपैकी. त्यानं इंजिन खाली आणि मागे सरकवलं, टप सरळ मागेपर्यंत नेऊन कापून टाकला. लोक तिला 'ब्रेडव्हॅन', म्हणजे पाववाल्याची गाडी, म्हणू लागले. १९६२ च्या ल माँमध्ये ती जीटीओंच्या पुढे पळत होती, पण चौथ्या तासात ट्रान्समिशननं दगा दिला. आज कुणी तिला 'मूळ' रूपात आणायला निघालं, तर त्याला वेड्यात काढतील.

म्हणून सगळेच बदल माफ, असं मात्र मी म्हणणार नाही. ते बदल जिंकण्यासाठी, कामापोटी झाले होते. आज कॅलिफोर्नियाची सिंगर १९८९ ते ९४ मधल्या, ९६४ पिढीच्या पोर्शा ९११ पार उघडून त्यांना त्याहून जुन्या ९११ चं रूप देते. काम बघून जीव वेडावतो, पण दर वेळी एक ९६४ कमी होते. मूळ रंग, शिवण, कारागिराच्या हाताची खूण, हे पुसलं तर बॅकअप नसतो.

२०२४ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात सर्वोच्च मान पहिल्यांदाच एका न रंगवलेल्या, 'जपलेल्या' गाडीला मिळाला. १९३४ ची बुगाटी टाइप ५९. पण तिचा इतिहास बघा: ग्रां प्रीची गाडी, मग कारखान्यानंच सुपरचार्जर काढून तिची स्पोर्ट्स कार केली, मग बेल्जियमच्या राजानं, तिसऱ्या लिओपोल्डनं, घेतल्यावर तिला काळा रंग आणि पिवळा पट्टा चढला. जपलं गेलं ते हे बदललेलं रूप.

हे वाचून मी जुना अल्बम काढला. येझदी मुळात लाल होती. बाबांनी नोकरी लागल्यावर ती काळी करून घेतली, सीटही बदललं. ज्या रूपाला ते 'मूळ' म्हणतात, ते त्यांचं स्वतःचं मॉडिफिकेशन आहे. फोटो दाखवला तर म्हणाले, "ते वेगळं."

काकांना सांगितलंय, सीडीआय लावा, पण चासीला एकही नवं भोक पाडू नका आणि पॉइंटची प्लेट, कॉइल, सगळं डब्यात घालून परत द्या. काका म्हणाले, "भंगार घेऊन काय करणार?" बाबा अजून हो म्हणालेले नाहीत.