भुशी धरण

भुशी धरण हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ इंद्रायणी नदीच्या उगमाकडील भागात असलेले दगडी धरण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधले. आज ते पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध असून बोलीभाषेत ‘भुशी डॅम’ या नावाने ओळखले जाते.

इतिहास

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे २४ किमी अंतरात गाडीला ५५० मीटरहून अधिक उंची गाठावी लागे. अशा चढणीवर इंजिनांना पाणी मुबलक लागे. लोणावळ्यात पाऊस विपुल पडत असला, तरी तो मुख्यतः चारच महिने पडतो. त्यामुळे वर्षभराचा साठा आवश्यक होता. १९३० च्या सुमारास घाटमार्गाचे विद्युतीकरण झाले. त्याच वर्षी १ जून रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या इंजिनावर धावू लागली. वाफेची इंजिने कालांतराने मागे पडली आणि धरणाचे मूळ प्रयोजनही ओसरले.

पर्यटन

पावसाळ्यात जलाशय भरला की जादा पाणी सांडव्याच्या पायऱ्यांवरून वाहू लागते. या पाण्यात बसण्यासाठी मुंबई-पुण्याहून मोठी गर्दी लोटते. शनिवार-रविवारी रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. भजी व मक्याची कणसे विकणाऱ्या स्थानिकांची हंगामी कमाई या गर्दीवर अवलंबून असते.

सुरक्षितता

धरणाच्या मागील बाजूस डोंगरउतारावरून धबधबे कोसळतात. खडकाळ उतारावर पाणी मुरत नाही. त्यामुळे माथ्यावर जोराचा पाऊस झाल्यास खालचा प्रवाह काही मिनिटांत फुगतो. ३० जून २०२४ रोजी अशाच लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले व मृत्युमुखी पडले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध लागू केले. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांमुळे नदीकाठच्या सहलस्थळांवरील गर्दीचे नियंत्रण आणि जुन्या बांधकामांची देखभाल हे प्रश्न ऐरणीवर आले.