शून्यातली सुधारणा कशी ओळखायची?

मंडळी, कंट्रोल चार्टचा जन्म १६ मे १९२४ चा. टेलिफोन बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या वॉल्टर शूहार्टने साहेबाला एक छोटंसं टिपण दिलं: मधे सरासरी, वर-खाली मर्यादेच्या रेषा. १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून तो भारतातही आला होता.

पण यात एक गोची आहे. घटना मोजायच्या चार्टमध्ये खालची रेषा म्हणजे सरासरी वजा तिच्या वर्गमुळाची तिप्पट. सरासरी ९ किंवा कमी असेल, तर ही रेषा शून्यावर नाहीतर त्याखाली! म्हणजे आमच्या लोहाऱ्यासारख्या तालुक्यात महिनाभर एकही मातामृत्यू झाला नाही, तरी चार्ट गप्पच. बिघाड दिसेल, सुधारणा नाही.

१९८३ मध्ये थॉमस कॅल्विनने कारखान्यांसाठी वेगळी वाट सुचवली: दोन सदोष नगांच्या मधे चांगले नग किती, ते मोजा. अंतर वाढलं, की सुधारणा.

पोलिओचंही तसंच झालं. नैसर्गिक विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला. मधली तीन वर्षं शांतताच मोजली!

एका महिन्याचं शून्य हे नशीबही असू शकतं. तेव्हा तालुक्याच्या बैठकीत "या महिन्यात किती?" यापेक्षा "शेवटच्या मृत्यूला किती दिवस झाले?" हा प्रश्न जास्त कामाचा.