जुन्या पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये कोणते तेल?

मालेगाव (जि. वाशीम), प्रतिनिधी - अकोला-वाशीम-हिंगोली मार्ग आणि कारंजा-मेहकर मार्गे जाणारा नागपूर-मुंबई जुना रस्ता येथे एकमेकांस मिळतात. सोयाबीन व तुरीच्या हंगामात बाजार समितीकडे धावणाऱ्या पिकअप वाहनांत दहा-पंधरा वर्षे जुनी वाहनेही असतात. इंजिन तेलाची काळजी बहुतेक मालक घेतात. मागील एक्सलमधील डिफरन्शियलच्या तेलाकडे मात्र आवाज येऊ लागल्यावरच लक्ष जाते. त्या वेळी 'जाड तेल टाका' हा सल्ला हमखास मिळतो. तो बहुधा चुकीचा असतो.

डिफरन्शियलचे काम
इंजिनची शक्ती प्रोपेलर शाफ्टमधून मागील एक्सलपर्यंत येते. तेथे पिनियन हा लहान गिअर क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवतो. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना म्हणजे डिफरन्शियल. मागील चाकांवर चालणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसविलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यात दात एकमेकांवर फिरतात तसे घसरतातही. या घर्षणात तेलाचा साधा थर टिकत नाही. म्हणून तेलात गंधक व स्फुरदयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात. ती दातांवर संरक्षक थर तयार करतात.

आधी दर्जा, मग जाडी
डब्यावरील पहिली खूण पाहावी ती 'एपीआय जीएल-५' ही. हायपॉइड डिफरन्शियलसाठी हाच दर्जा आवश्यक असतो. केवळ 'ईपी ९०' लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण जीएल-४ दर्जाचे तेलही ईपी ९० या नावाने विकले जाते. उलटपक्षी, उरलेले जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना त्यातील द्रव्यांमुळे हानी पोहोचू शकते. दोन्ही ठिकाणी एकच तेल चालते की नाही, हे पुस्तिकेवरूनच ठरवावे.

दुसरी खूण जाडीची. ९०, ८०डब्ल्यू-९० आणि ८५डब्ल्यू-१४० हे क्रमांक बाजारात दिसतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहितेचा असतो. ८०डब्ल्यूची चाचणी उणे २६ आणि ८५डब्ल्यूची उणे १२ अंश सेल्सियसला होते. वऱ्हाडातील हिवाळ्यात हा फरक जाणवण्याजोगा नाही. आपल्याकडे महत्त्व आहे ते नंतरच्या आकड्याला. ९० हा आकडा इंजिन तेलापेक्षा दुप्पट जाडी दाखवतो, असा समज आढळतो. दोन्ही मापनपद्धती वेगळ्या आहेत. गिअर तेलाचा ९० क्रमांक जाडीने इंजिनच्या ४० ते ५० क्रमांकाच्या तेलाजवळचा असतो.

कडक उन्हाळा व अवजड भार यांसाठी पुस्तिकेत १४० ची मुभा असेल, तर ते जरूर वापरावे. अन्यथा निर्मात्याने सांगितलेला क्रमांक सोडू नये. जाड तेल घुसळण्यात शक्ती खर्ची पडते आणि सलग वेगात उष्णता वाढते. पुस्तिका हरवली असल्यास कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मॉडेल व वर्ष सांगून विचारणा करावी.

आवाज दबतो, दोष राहतो
झिजलेल्या बेअरिंगचा किंवा क्राऊन-पिनियनचा आवाज जाड तेलाने काही काळ कमी होतो. झीज मात्र सुरूच राहते. पातूर-मेडशी दरम्यानच्या घाटात भरल्या गाडीचा पिनियन तुटला, तर वाचलेल्या पैशांच्या अनेक पटींनी खर्च येतो. म्हणून आवाज आल्यास आधी तेलाची पातळी, मग बेअरिंग आणि दातांमधील फट तपासून घ्यावी.

गळती हा ब्रेकचा प्रश्न
एक्सलच्या हाउसिंगवर हवा बाहेर जाण्यासाठी लहान ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की आतील दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते. हे तेल चाकाच्या ड्रममध्ये शिरून ब्रेक लायनिंग भिजवते आणि ब्रेक कमकुवत होतात किंवा एकाच बाजूला धरतात. मागील चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसल्यास गाडी भरू नये. सील बदलावे, ब्रीदर साफ करावा आणि भिजलेले लायनिंगही बदलावे.

तेल बदलताना
- गाडी समतल जागी उभी करून थोडी चालविल्यानंतर, तेल कोमट असताना काम करावे.
- भरण्याचा प्लग आधी सैल करावा. तोच उघडला नाही, तर रिकामा एक्सल भरता येणार नाही.
- प्लगवरील बारीक काळसर भुकटी ही नेहमीची झीज होय; धातूचे तुकडे ही धोक्याची खूण.
- तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल मुदतीआधी तपासावे.
- डिझेल वा रॉकेलने धुऊ नये. आत उरलेला अंश नवे तेल पातळ करतो.
- नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. जास्तीचे तेल सीलवाटे बाहेर येते.
- काही वाहनांत घसरण मर्यादित करणारे डिफरन्शियल असते. त्यासाठी पुस्तिकेत सांगितलेले विशेष तेलच वापरावे.

काढलेले तेल नाल्यात वा शेतात ओतू नये. घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. नवे तेल सीलबंद डब्यातच घ्यावे आणि बदलाची तारीख व किलोमीटर नोंदवून ठेवावेत. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीची नोंद उपलब्ध नसेल, तर हंगामाचा पहिला भार उचलण्यापूर्वीच हे तेल बदलणे हिताचे ठरते.