मॅट्रिकचा वर्ग : सातारा-सांगलीकडचे काही चेहरे

अमेरिकेतील हायस्कुलांत शेवटचे वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे वार्षिक पुस्तक काढण्याची प्रथा आहे. १९२० च्या दशकात ती चांगली स्थिरावलेली होती. प्रत्येकाचे छायाचित्र, खाली नाव, आणि नावाखाली सोबत्यांनीच लिहिलेल्या दोनचार मायेच्या ओळी : हा कशावरून हसतो, हिला कोणता विषय जड जातो, पुढे कोण काय होईल. साहित्य म्हणून या ओळींना फारशी किंमत नसेल. पण पुढे कोण मोठे होणार हे ठाऊक नसताना त्या लिहिल्या गेल्या, हे त्यांचे मोल आहे. वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगाही तेवढ्याच ओळींचा धनी असतो.

मराठीत असे पुस्तक रूढ झाले नाही. त्याच दशकातील सातारा-सांगलीकडच्या मॅट्रिकच्या वर्गांचे चेहरे शोधू जाता आपल्या हाती लागतात ते समूहछायाचित्रे, शाळेच्या नोंदवह्या आणि पुष्कळ वर्षांनी लिहिलेली आत्मचरित्रे. छायाचित्रात चेहरे असतात, ओळी नसतात. नोंदवहीत नाव, जात आणि जन्मतारीख असते, चेहरा नसतो. आत्मचरित्रात दोन्ही असतात. पण तिथे मधल्या पन्नास वर्षांचा निकाल लेखकाला आधीच कळलेला असतो.

आधी हा वर्ग म्हणजे काय, ते पाहू. इंग्रजी पहिली ते सातवी अशी हायस्कुलाची चढण, आणि सातवीच्या शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा. एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा १९४९ मध्ये सुरू झाली, तोवर शाळेचा निरोप आणि विद्यापीठाचा उंबरा ही एकच गोष्ट होती. गावच्या मराठी शाळेत पाटी घेऊन बसलेल्यांपैकी बहुतेक जण या चढणीच्या पायथ्याशीही येत नसत. जे मराठी सातवीपर्यंत टिकत त्यांना व्हर्नाक्युलर फायनलच्या दाखल्यावर तलाठ्याची किंवा मास्तरकीची नोकरी मिळे. पुढे प्रतिसरकारचे सेनानी झालेले नाना पाटील याच वाटेने आधी तलाठी झाले होते. तेव्हा मॅट्रिकचा वर्ग हा गावाचा नमुना नव्हे. गाळून गाळून उरलेल्यांचा तो घोळका आहे. त्याकडे पाहताना ही चाळणी विसरून चालत नाही.

भूगोलाचीही एक अडचण आहे. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश अंमलातल्या सातारा जिल्ह्यात. आणि आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कऱ्हाडच्या बाकावर बसलेला देवराष्ट्र्याचा मुलगा त्या काळी साताऱ्याचाच होता; आज त्याचे गाव सांगली जिल्ह्यात मोडते.

हा मुलगा म्हणजे यशवंत बळवंत चव्हाण. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील एक प्रसंग त्यांनी ‘कृष्णाकाठ’मध्ये सांगितला आहे आणि तो आता शालेय भाषणांतून झिजून गुळगुळीत झाला आहे. शिक्षकांनी वर्गातील प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठीवर आपण पुढे कोण होणार ते लिहून द्यायला सांगितले. मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. या मुलाने लिहिले, की मी यशवंतराव चव्हाण होणार. पुढच्या मुख्यमंत्रिपदाची आणि केंद्रातील मंत्रिपदांची पूर्वखूण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. आम्हांला हे वाचन घाईचे वाटते. त्या दिवशी त्या चिठ्ठीला कोणतेही भविष्य चिकटलेले नव्हते. दुसऱ्याच्या नावाचा अंगरखा अंगावर चढवायला नकार देणारा तो एक हट्टी पोरगा होता, एवढेच. आमचे कुतूहल उरलेल्या चिठ्ठ्यांविषयी आहे. अमेरिकेतील त्या वार्षिक पुस्तकांच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू आपल्याकडे कोणती, तर हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एका वर्गाने एका दिवशी स्वतःविषयी लिहिलेल्या एकेक ओळी! त्यातली एक वाचली, बाकीच्या गेल्या. जी वाचली तीसुद्धा लिहिणारा मोठा झाला आणि त्याने आत्मचरित्र लिहिले म्हणून.

त्या वर्गाची पुढची हकीकतही निरोपसमारंभाच्या चौकटीत बसत नाही. १९३२ च्या जानेवारीत तिरंगा फडकावल्याबद्दल चव्हाणांना अठरा महिन्यांची सजा झाली. बरोबरीची मुले पुस्तकात डोके खुपसून बसली असतील त्या दिवसांत ते येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवत, ह. रा. महाजनी यांच्यासारख्यांच्या सहवासात निराळाच अभ्यास करीत होते. मॅट्रिक ते १९३४ मध्ये झाले, एकविसाव्या वर्षी. ‘वर्गमित्र’ या शब्दाचा अर्थ अशा वेळी ताणला जातो. बाकावरचे सोबती कोण आणि बराकीतले कोण? ‘कृष्णाकाठ’ वाचताना मैत्रीची ऊब बराकीच्या पानांवरच अधिक जाणवते, असे आमचे मत आहे.

या शब्दावर जरा थांबायला हवे. ‘गुरुबंधू’ आणि ‘सहाध्यायी’ हे आपले जुने शब्द. त्यांत एका गुरूपाशी बसणे अभिप्रेत आहे. ‘वर्गमित्र’ आणि त्याच्या जोडीने वापरात असलेला ‘वर्गबंधू’ हे शब्द शाळेच्या नव्या व्यवस्थेशी बांधलेले. वर्ग एक म्हणजे बाके एक, घंटा एक, आणि निदान कागदावर तरी बरोबरी. ती बरोबरी प्रत्यक्षात किती होती याची साक्ष सातारा शहरच देते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. शाळेत आपल्याला गुणांनुसार इतरांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, आणि बसायचे गोणपाटही वेगळे असे, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. नोंदवहीत ते इतरांचे वर्गमित्र होते, वर्गात नव्हते.

याच शहरात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केले. त्यापूर्वीचे त्यांचे प्रयोग दूधगावात आणि कऱ्हाडजवळच्या काल्यात झाले होते. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काल्यातच स्थापन झाली. साताऱ्यातील वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, स्वयंपाकाला हात लावीत आणि एका पंगतीला बसत. पैशाची चणचण इतकी, की लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी दिले. संस्थेचे स्वतःचे हायस्कूल मात्र साताऱ्यात १९४० पर्यंत नव्हते. म्हणजे १९२० च्या दशकातला बोर्डिंगातला मुलगा दिवसा गावातल्या हायस्कुलाच्या बाकावर बसे आणि संध्याकाळी पंगतीला परत येई. एकाच दिवसात दोन वर्ग, आणि दोहोंत बरोबरीचा अर्थ वेगळा. त्या वर्षांतील मॅट्रिकच्या छायाचित्रांत अशी मुले कुठे उभी आहेत, हे कोणी शोधले तर साताऱ्याच्या सामाजिक इतिहासाचा एक चांगला धागा हाती येईल. तिथे उभी असणे हीच त्यांच्यापुरती मोठी घटना होती. स्वतः भाऊरावांचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले होते, हे जाता जाता आठवावे.

सांगलीकडे वळल्यावर सूर बदलतो. इथल्या शाळेतून १९१३ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात आठवा आलेला मुलगा म्हणजे वि. स. खांडेकर. पण त्या वर्षीच्या निकालात हे नाव शोधणाऱ्याची निराशा होईल. तेव्हा ते गणेश आत्माराम खांडेकर होते. विष्णू सखाराम हे नाव पुढे दत्तक गेल्यावर आले. सांगलीच्या वर्गसोबत्यांनी ज्याला ओळखले तो गणेश, आणि मराठी वाचकाने ज्याला ओळखले तो विष्णू. १९२० च्या दशकात ते मॅट्रिकच्या वर्गाकडे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहत होते, शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून. १९२० ते १९३८ ही अठरा वर्षे दरवर्षी एक वर्ग नजरेसमोरून निघून जाताना पाहिलेला हा लेखक. पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० ची. तिच्या मागे या मास्तरकीची पहिली दहा वर्षे उभी आहेत. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र मात्र वाचकांपुढे आले ते १९८१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

खांडेकरांना मॅट्रिकनंतर पुण्याला, फर्ग्युसनला जावे लागले. १९१९ मध्ये सांगली-मिरजेच्या मधोमध विलिंग्डन कॉलेज निघाले आणि सांगलीकरांची ही अडचण सरली. शाळेतला निरोप हा त्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा दोन महिन्यांचा विरह ठरला असेल. जूनमध्ये निम्मे सोबती पुन्हा एका छपराखाली. सातारकरांचे तसे नव्हते. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये उघडले. तोवर मॅट्रिक होणे म्हणजे गाव सोडणे, किंवा गावातच राहून कचेरीत कारकुनीला लागणे. सांगली आणि सातारा यांच्यातला हा फरक लहान नाही. ज्या गावात वर्ग कायमचा मोडतो तिथे आठवणी अधिक हळव्या होणार, हे उघड आहे.

आणि जे नापास झाले त्यांचे काय? वार्षिक पुस्तकात त्यांनाही जागा असते, कारण ते निकालाआधी छापले जाते. आपल्याकडे नापास झालेला सोबती आठवणींतून हळूच गळतो. अपवाद तो स्वतःच लेखक झाला तर. ग. दि. माडगूळकर औंधला शिकले आणि गणिताने मॅट्रिकला अडले. १९३८ मध्ये ते चित्रपटाच्या दुनियेत होते. त्याच मुलखातले, आटपाडीच्या महारवाड्यातून औंधला शिकायला आलेले शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘तराळ-अंतराळ’मधले शाळेचे दिवस आणि माडगूळकरांच्या आठवणींतले शाळेचे दिवस शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू. संस्थान एक, काळ जवळपास एक. परंतु सोबती या शब्दाला दोन्हीकडे सारखे वजन नाही.

शाळकरी मुलाचे मायेने काढलेले, कायमचे लक्षात राहणारे व्यक्तिचित्र या मुलखाने मराठीला दिलेच. ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये आहे, ‘झेल्या’ या नावाने. पुस्तक १९४९ चे. ते कोणा वर्गमित्राने नव्हे, मास्तराच्या नजरेने रेखाटले आहे, आणि मॅट्रिक ही गोष्ट झेल्याच्या आयुष्याच्या क्षितिजावरसुद्धा नाही. चाळणीच्या वर राहिलेल्या हुशार मुलांना असा चित्रकार क्वचितच मिळाला.

सातारच्या त्या हायस्कुलाने १९०० सालची नोंदवही जपून ठेवली आहे. भिवाच्या नावाचा नोंदणी क्रमांक १९१४. तो पाहायला लोक दुरून येतात. त्याच्या अलीकडे १९१३ क्रमांकाचे नाव आहे आणि पलीकडे १९१५ चे.