अर्थ लावणाऱ्यांसाठी : भजनार्थाच्या अभ्यासाची प्रस्तावना

गाणे एकच असते, पण ते ऐकून उठलेली माणसे एकच अर्थ घेऊन घरी जात नाहीत. असे का होते आणि त्या अनेक अर्थांतून कोणता धरावा, हा या अभ्यासाचा विषय आहे. कवीला काय म्हणायचे होते, हा प्रश्न साहित्याचे अभ्यासक पूर्वीपासून विचारत आले आहेत. ऐकणाऱ्याने काय ऐकले, कशाच्या आधारावर ऐकले आणि त्या ऐकण्यातून पुढे काय घडले, हे प्रश्न मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी नेटाने हाती घेतले. या वाटेने पहिल्यांदाच येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आणि भजनी मंडळांतल्या जाणत्या श्रोत्यांचे स्वागत करण्यासाठी ही पाने लिहिली आहेत.

गाण्याच्या गूढ अर्थावरचा वाद जगभर चालतो. अमेरिकेतल्या ‘ईगल्स’ या रॉक बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ १९७६ साली आले. एकदा आत गेलेल्या पाहुण्याला बाहेर पडता येत नाही, असे ते हॉटेल म्हणजे नेमके काय, यावर चाहते तेव्हापासून भांडत आहेत. कोणी त्यात अमली पदार्थांचे व्यसन पाहिले, कोणी मनोरुग्णालय, तर कोणी सैतानाची उपासना. बँडमधल्या कलावंतांनी सुखासीन जीवनाबद्दलचा आपला रोख अनेकदा उलगडून सांगितला, तरी वाद मिटला नाही. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’चेही तसेच झाले. लहान मुलाने काढलेल्या चित्रावरून गाणे सुचले, असे जॉन लेनन सांगत राहिला आणि लोक शीर्षकाच्या आद्याक्षरांत मादक द्रव्याचे नाव वाचत राहिले. कर्त्याचा शब्द हा एक महत्त्वाचा पुरावा आहे, पण तो एकटा निकाल लावू शकत नाही. या अभ्यासातला पहिला धडा हाच.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या प्रश्नाचे अतिशय सुबोध उदाहरण दिले आहे. ‘सूर्य मावळला’ एवढेच कोणी म्हणाले. सेनापतीला त्यातून शत्रूवर चालून जाण्याची वेळ कळते, गुराख्याला गुरे घराकडे वळवण्याची, प्रियकराकडे निघालेल्या स्त्रीला निघण्याची आणि कामकऱ्याला काम थांबवण्याची. वाक्याचा वाच्यार्थ सगळ्यांना सारखाच, पण व्यंग्यार्थ ऐकणारा कोण आणि कुठे उभा आहे त्यावर ठरतो. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडून श्रोत्याला काव्यविचारात मानाची जागा दिली होती.

मराठी संतांनी तर श्रोत्याला मुद्दाम कोड्यात टाकले. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी आकाशात उडून सूर्यालाच गिळते. एकनाथांच्या भारुडातला विंचू चावतो तेव्हा आधी हसू येते आणि मग ते विष काम-क्रोधाचे आहे हे उमगते. नाथ बहुधा शेवटच्या कडव्यांत उकल हाती देतात. मुक्ताबाई देत नाहीत. म्हणून भारूड रंगते ते सादरीकरणात आणि कूट अभंग रंगतो तो नंतरच्या निरूपणात, ‘याचा अर्थ असा नव्हे बुवा’ असे म्हणून सुरू होणाऱ्या बोलण्यात. हे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ती आपली ज्ञानपरंपरा आहे.

या अभ्यासाचे केंद्र गुरुकुंज मोझरीला असावे असे मला वाटते. कारण विसाव्या शतकातला या प्रश्नाचा सर्वांत मोलाचा मराठी नमुना इथल्या खंजेरीशी जोडलेला आहे. माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी इथेच देह ठेवला. आजही पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो गुरुदेवभक्त जागच्या जागी स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. महाराजांनी मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत हजारो भजने रचली आणि खंजेरीच्या ठेक्यावर गावोगाव गायली. एक जण सांगतो आणि बाकीचे झेलतात, असे हे गाणे आहे. समोरचा माणूस ते नुसते ऐकत नाही, गातोही. त्यामुळे अर्थ लावण्याची क्रिया भजन चालू असतानाच सुरू होते.

त्यांतले एक हिंदी भजन या अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यावे. हाताशी असलेली झाडे आणि दगड हीच लढण्याची साधने होतील, भजन करणारे भक्तच सैन्य होतील आणि नाव पैलतीराला लागेल, असा त्याचा आशय. चिमूरच्या लोकांच्या आठवणीत हे भजन १९४२च्या ऑगस्टशी कायमचे बांधले गेले आहे. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातले आष्टी पेटून उठले. गोळीबार झाला, सरकारी अंमलदार मारले गेले, मग लष्कर आले आणि चिमूरच्या घराघरांवर अनन्वित अत्याचार झाले. महाराजांना त्याच महिन्यात अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्या कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले.

आता या भजनाचा अर्थ काय? ती उठावाची हाक होती, असे एक वाचन. सरकारनेही ते तसेच वाचले असणार, कारण सत्ता हीसुद्धा एक श्रोता असते आणि बहुधा फार कान देऊन ऐकणारी. दुसरे वाचन गांधीविचाराचे. महाराज १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून आले होते. बंदुकीवाचून माणसे उभी राहतील, साधी सृष्टीच सत्याच्या बाजूने लढेल, असा धीर हे भजन देते. तिसरे वाचन भक्तीचे. सैन्य भक्तांचे, शत्रू षड्रिपू आणि नाव भवसागर पार करणारी.

इथे आपल्या पूर्वमीमांसेची मदत घ्यावी. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा कसोट्या मीमांसकांनी दिल्या आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच कसोट्या लावून गीतेचे तात्पर्य कर्मयोग असल्याचे मांडले. त्या कसोट्या या भजनालाही लावता येतात आणि चांगल्या लागतात.

उपसंहार पाहिला तर नाव काठाला लागते, म्हणजे शेवट भक्तिपरंपरेतला आहे. अपूर्वता पाहिली तर कौल फिरतो. भवसागर आणि नाव संतवाङ्मयात जागोजागी भेटतात, पण दगडाला स्फोटकाचे सामर्थ्य देणारी कल्पना जुन्या संतांकडे नाही. ती विसाव्या शतकातली आहे. या रचनेत नवे जे आहे ते तिच्या काळाकडे बोट दाखवते. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. छापील पानावर ती ध्रुपदापुरती दिसते, पण खंजेरी भजनात कोणती ओळ पुन्हा पुन्हा उचलायची हे समोरचा समुदायही ठरवतो. म्हणून पुस्तकातले भजन आणि चिमूरमधले भजन यांचा अभ्यास एकाच मापाने करता येत नाही. अर्थवाद म्हणजे स्तुतीची अतिशयोक्ती. झाडांची शस्त्रे होणे ही आज्ञा की उमेद वाढवणारी वाणी, हे इथे तपासावे लागते. फल इतिहासात नोंदलेले आहे. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तीने पटणे, महाराजांच्या सबंध जीवनातून पाहावी लागते.

माझे मत असे की भक्तीचा अर्थ हे उठावाच्या अर्थावर घातलेले पांघरूण नव्हते. दोन्ही अर्थ खरे होते आणि एकाला दुसऱ्याची गरज होती. देवाचे नाव घेताना ज्याचे भय गेले तोच ऑगस्टमध्ये रस्त्यावर उतरू शकला. अर्थाचे दोन थर वेगळे करून एक खरा आणि एक खोटा ठरवण्याची घाई नव्या अभ्यासकाने करू नये.

दुसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. राजमहालातले सुख आपल्याला झोपडीतच मिळाले, असे सांगणारे महाराजांचे मराठी भजन महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्यावर एक आक्षेप ऐकू येतो, तो असा की हे गरिबीचे गुणगान झाले आणि अशाने गरीब आहे त्यातच समाधान मानील. आक्षेप मोलाचा आहे, कारण तो प्रश्न श्रोत्याच्या जगण्यातून विचारला गेला आहे. त्याचे उत्तर त्याच रचनेत सापडते. तिथे महाल आणि झोपडी यांची तुलना ऐपतीपेक्षा दारावर जास्त रेंगाळते. महालाला पहारे आणि तिजोऱ्या आहेत, तरी चोरी होतेच. तिथे येणाऱ्याला अडवले जाते. झोपडीत कोणीही बेधडक यावे आणि जावे. ज्या काळात देवळाच्या आणि विहिरीच्या वाटा माणसांच्या एका मोठ्या समुदायाला बंद होत्या, त्या काळात उघड्या दाराचे हे गौरवगान कोणाच्या कानी कसे पडले असेल, याचा विचार करावा. जोडीला ‘ग्रामगीता’ वाचावी. ४१ अध्यायांच्या या ग्रंथात महाराज ग्रामसफाई, ग्रामोद्योग, शिक्षण आणि स्त्रियांची उन्नती यांवर तळमळीने लिहितात. दारिद्र्य कुरवाळणारा माणूस असा ग्रंथ लिहीत नाही. कर्त्याची साक्ष घ्यायची ती अशी, त्याच्या सगळ्या कामाला शेजारी बसवून.

या अभ्यासात एक धोकाही आहे आणि तो नीट ओळखला पाहिजे. बीटल्सचा १९६८ सालचा ‘व्हाइट अल्बम’ ऐकून चार्ल्स मॅन्सन नावाच्या माणसाला त्यात येऊ घातलेल्या वंशयुद्धाचा गुप्त संदेश ऐकू आला. १९६९ साली त्याच्या अनुयायांनी निरपराध माणसांचे खून पाडले. चिमूरच्या लोकांनीही गाण्यात आपल्या काळाचा अर्थ ऐकला. मग दोन्ही ऐकण्यांत फरक कोणता? मॅन्सनचा अर्थ एका माणसाने बंद दाराआड लावला होता आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणाला नव्हती. चिमूरचा अर्थ चारचौघांत गायला गेला, भोवतालच्या परिस्थितीशी ताडला गेला आणि तो लावणाऱ्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली. त्या दिवशीच्या रक्तपाताचे मोल आणि दोष यांवर इतिहासकार बोलत राहतील आणि त्यांनी बोलावेच. आपल्यासाठी त्यातून निघणारे सूत्र असे : जो अर्थ लावतो, त्याच्यावर त्या अर्थाची जबाबदारी येते. ज्या अर्थावर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही, तो अर्थ अभ्यासाच्या कामाचा नाही.

वऱ्हाडात ही आक्षेपाची रीत मुरलेली आहे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नसत. अकोट भागातले सत्यपाल महाराज सात खंजेऱ्यांवर प्रबोधन करताना आजही श्रोत्यांना बोलते करतात. सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर गावातल्या मंडळात भजनावर जे बोलणे निघते, ते या अभ्यासाचे पहिले साधन आहे. ते टिपताना कोण गायले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, समोर कोण होते, कोणती ओळ पुन्हा उचलली गेली आणि कोणत्या शब्दावर वाद झाला, एवढे तरी लिहून ठेवावे. बोलणारा वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीतच लिहावे. प्रमाण भाषेत आणताना त्याचा आक्षेप बोथट होतो.

काम पुष्कळ पडले आहे. महिलांची भजनी मंडळे झोपडीचे भजन कसे समजून घेतात, यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. महाराजांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांशी छापील पाठ ताडून पाहायला हवा. ‘श्रीगुरुदेव’ मासिकाचे जुने अंक आणि १९४२चे तुरुंग-दफ्तर शेजारी ठेवून वाचायला हवे, म्हणजे एकाच भजनाचे भक्ताने आणि सरकारने केलेले वाचन समोरासमोर येईल. ज्यांनी महाराजांना प्रत्यक्ष ऐकले त्यांची पिढी आता थकली आहे, म्हणून त्यांच्याकडे जाण्याचे काम सर्वांत आधी करावे.

या अभ्यासात येण्यासाठी पदवीची अट नाही. गाणे मनापासून आवडले पाहिजे, आपला अर्थ पुराव्यानिशी मांडता आला पाहिजे आणि दुसऱ्याचा अर्थ सरस ठरला तर तो मोकळ्या मनाने स्वीकारता आला पाहिजे. एवढी तयारी असेल तर मोझरीचा रस्ता धरावा, एखाद्या मंडळात बसावे, आधी गावे आणि मग वादात उतरावे.